आपल्या घरी येण्यापूर्वी मावशींचे काय होते?

घरातील वडीलधारी व्यक्ती अंथरुणाला खिळली की पहिले आठ-दहा दिवस सारे घर धावते. मुलगा रजा घेतो, सून कार्यालयातून लवकर निघते, लेक माहेरी येऊन राहते. मग रजा संपतात, पाठी दुखू लागतात आणि एका संध्याकाळी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, ‘आता माणूस ठेवायला हवा.’ त्यानंतरचा प्रश्न बहुधा घरच्या डॉक्टरला विचारला जातो: ‘मॅडम, एखाद्या चांगल्या ब्यूरोचा नंबर आहे का हो?’

गेली सत्तावीस वर्षे मी हा नंबर देत आले आहे. टेबलाच्या खणात तीन-चार ब्यूरोंची कार्डे असत. हाताला येईल ते मी पुढे करीत असे. त्या ब्यूरोत बायकांची निवड कशी होते, त्यांना काय विचारले जाते, काय सांगितले जाते आणि काय सांगायचे राहते, याची चौकशी मी कधीही केली नव्हती. ती करायला हवी होती, हे मला एका रुग्णाच्या दुखावलेल्या खांद्यामुळे कळले. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्याविषयीच.

चार दिवसांची ड्युटी

माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. रुग्णालयातून घरी आल्यावर मुलाने ब्यूरोला फोन केला आणि त्याच रात्री आठ वाजता एक बाई दारात उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, अंगावर नवा पांढरा ॲप्रन. घरात त्यांना लगेच ‘मावशी’ म्हणू लागले.

चौथ्या दिवशी मला बोलावणे आले. सरांचा डावा खांदा इतका दुखत होता, की नुसता हात लावला तरी ते कळवळत. पक्षाघात झालेल्या हाताचे स्नायू सैल पडलेले असतात. खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारी ताकदच गेलेली असते. अशा हाताला धरून रुग्णाला उठवले, तर सांधा खाली निसटतो आणि पुढे कित्येक महिने दुखत राहतो. मावशी चार दिवस सरांना त्याच हाताला धरून बसते करीत होत्या.

घरचे संतापले. मुलाने माझ्यासमोरच ब्यूरोला फोन लावून ‘उद्याच्या उद्या बाई बदलून द्या’ असे बजावले. मीही मान डोलावली. मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. मी विचारले, ‘तुम्हाला माहीत नव्हतं का, की लुळ्या हाताला धरून ओढायचं नसतं?’ त्या म्हणाल्या, ‘मॅडम, मला सांगितलं होतं, म्हातारे गृहस्थ आहेत, जेवण-पाणी बघायचं. यांना लकवा झालाय हे मला इथं आल्यावर समजलं.’

ते उत्तर मी त्या क्षणी सबब समजून सोडून दिले. आठवड्याने त्याच बाई कंबरदुखीसाठी माझ्या दवाखान्यात आल्या. बाकावर त्यांच्यामागे कोणी नव्हते म्हणून त्या बोलल्या, आणि मी प्रथमच नीट ऐकले.

नवरा वारल्यावर त्या मराठवाड्यातील आपल्या गावाहून भावजयीच्या ओळखीने शहरात आल्या होत्या. ब्यूरोत नोंदणीचे पंधराशे रुपये सांगितले गेले. जवळ नव्हते म्हणून ‘पहिल्या पगारातून कापू’ असे ठरले. मूळ आधार कार्ड ब्यूरोने ठेवून घेतले. फॉर्ममध्ये ‘बीपी मोजता येते’, ‘डायपर बदलता येतो’, ‘नळीने जेवण देता येते’ असे रकाने होते. समोर बसलेल्या मुलीने सगळ्यांपुढे ‘हो’ अशी खूण स्वतःच केली. ‘नाही लिहिलंस तर ड्युटी लागणार नाही,’ एवढेच ती म्हणाली. मग दोन दिवस सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचे, पिशवी भरून तयार ठेवायची. तिसऱ्या दिवशी सात वाजता एक पत्ता हाती आला. कोणाची शुश्रूषा करायची, आजार काय, वजन किती, रात्री किती वेळा उठावे लागेल, यांतले एक अक्षरही त्या पत्त्यासोबत नव्हते.

सरांच्या घरातून ब्यूरोला दिवसाला नऊशे रुपये जात होते. बाईंना सहाशे मिळणार होते. चार दिवसांचे चोवीसशे झाले. त्यातून नोंदणीचे पंधराशे कापले गेले. उरलेले नऊशे ‘पार्टीची तक्रार आली’ म्हणून अनामत या नावाखाली थांबवले गेले. चार दिवस आणि चार रात्री काम करून त्यांच्या हाती काहीच पडले नाही. आधार कार्ड तिथेच होते, त्यामुळे दुसरीकडे जाण्याचीही सोय नव्हती.

सरांचा खांदा दुखावला याची जबाबदारी बाईंवर अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. परंतु माझ्या मनात हिशेब केला, तेव्हा त्यांचा वाटा सर्वांत लहान निघाला. ब्यूरोने त्यांना रुग्णाविषयी काही सांगितले नव्हते. घरच्यांनी ब्यूरोला ‘वडिलांना बघायला बाई हवी’ एवढेच कळवले होते. आणि पक्षाघाताच्या रुग्णाला कसे उठवायचे, हे दाखवण्यासाठी पाच मिनिटे द्यायला मी स्वतः विसरले होते.

निवडीच्या टेबलावर काय घडते

त्यानंतर मी विचारू लागले. दवाखान्यात येणाऱ्या, रुग्णांच्या घरी भेटणाऱ्या मावशींना आणि मामांना, तुमची निवड कशी झाली, असा साधा प्रश्न. काही ब्यूरो अत्यंत चोख काम करतात, हे आधीच सांगते. त्यांच्याकडे बाईंना रुग्णाची माहिती लिहून दिली जाते, पहिल्या दिवशी जाणकार परिचारिका सोबत येते, पगार ठरल्या तारखेला बँकेत जमा होतो. परंतु पुन्हा पुन्हा कानावर आलेल्या तक्रारी साधारण अशा आहेत.

पहिली, उमेदवाराकडूनच पैसे घेणे. नोंदणी, ॲप्रन, ओळखपत्र, ‘ट्रेनिंग’ अशा नावांनी काम लागण्यापूर्वीच रक्कम घेतली जाते किंवा पहिल्या पगारावर चढवली जाते. बाई आपल्या घरी पाऊल ठेवते तेव्हाच ती कर्जात असते.

दुसरी, मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे. ओळख पटवण्यासाठी कागद पाहणे, त्याची प्रत ठेवणे योग्यच आहे. मूळ कार्ड ठेवून घेण्याचा उद्देश मात्र बाई सोडून जाऊ नये, हाच असतो.

तिसरी, अर्धवट माहिती. आजार, वजन, संसर्गाची शक्यता, कामाचे तास, घरात पुरुष रुग्ण आहे की स्त्री रुग्ण, झोपायला जागा आहे की नाही, यांपैकी काहीही न सांगता पाठवणे.

चौथी, नको ते प्रश्न. ‘जात कोणती?’, ‘मूल लहान नाही ना?’, ‘पुन्हा लग्न करणार आहेस का?’ हे प्रश्न विचारले जातात. पण ‘रुग्णाला कुशीवर कसे वळवतेस ते दाखव’ असे क्वचितच कोणी म्हणते.

पाचवी, खोटी ओळख. पांढरा ॲप्रन घातला की बाई ‘सिस्टर’ होतात. प्रत्यक्षात एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. ही पात्रता असलेल्या परिचारिकेची राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक असतो. मावशींची माया, त्यांचे कष्ट यांचे मोल कमी नाही. पण नाकातल्या नळीतून अन्न देणे, सक्शन करणे, इन्सुलिनची मात्रा ठरवणे ही कामे प्रशिक्षणाशिवाय त्यांच्यावर टाकणे हा त्यांच्यावर आणि रुग्णावर, दोघांवरही अन्याय आहे.

त्याचा परिणाम अंथरुणापर्यंत कसा पोहोचतो

वाचकहो, हे सारे ऐकून आपल्याला वाटेल, की हा बाईंचा आणि ब्यूरोचा आपसातला प्रश्न आहे. आपण पैसे देतो, आपल्याला सेवा मिळाली म्हणजे झाले. डॉक्टर म्हणून मला या विचारातला धोका दिसतो.

जिला ‘नाही येत’ असे म्हणण्याची मुभा निवडीच्या वेळी दिली गेली नाही, ती आपल्या घरीही तसे म्हणत नाही. आडव्या रुग्णाला चमच्याने पेज भरवली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्णाला टेकून बसवून भरवावे आणि नंतर अर्धा तास तरी तसेच बसू द्यावे, हे तिला ठाऊक नसते आणि ती विचारत नाही. विचारले तर उद्या ‘बदलून द्या’ असा फोन जाईल, ही भीती तिच्या मनात असते.

जिचा पगार तक्रारीवरून कापला जातो, ती चूक लपवते. माकडहाडाजवळची त्वचा लाल झालेली दिसणे ही शय्याव्रणाची पहिली पायरी. त्या दिवशी मला कळले, तर दर दोन तासांनी कूस बदलणे, हवेची गादी, कोरडी त्वचा एवढ्यावर भागते. आठ दिवसांनी कळले, तर जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते. लाल डाग पहिल्याच दिवशी सांगायला मनात धीर लागतो आणि तो धीर निवडीच्या टेबलावर आधीच काढून घेतलेला असतो.

जिला कामाचे तास खरे सांगितलेले नाहीत, ती दमलेली असते. ‘चोवीस तासांची बाई’ हा शब्द आपण सहज वापरतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची बेचैनी संध्याकाळनंतर वाढते; कित्येक आजी-आजोबा रात्री चार-पाच वेळा उठतात. त्यांच्यासोबत रात्रभर जागलेली बाई सकाळी सहा वाजता गोळ्यांचा डबा उघडते, तेव्हा चूक होणे स्वाभाविक आहे. एक माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. रात्री जाग असणाऱ्या रुग्णाला दिवसपाळी आणि रात्रपाळी अशी दोन माणसे हवीत, किंवा रात्रीची जबाबदारी घरच्यांनी वाटून घ्यावी.

जिच्या स्वतःच्या आरोग्याची कोणी विचारपूस केली नाही, ती आजारपण घेऊन येऊ शकते किंवा घेऊन जाऊ शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर थुंकीची तपासणी झाली पाहिजे. ही दक्षता वृद्ध रुग्णाच्या हिताची आणि बाईंच्याही. हिपॅटायटिस बीची लस तीन मात्रांत, पहिल्या मात्रेनंतर एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, दिली जाते. रक्त आणि शरीरस्राव हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती मिळायला हवी. मला भेटलेल्या मावशींपैकी बहुतेकींनी हिचे नावही ऐकले नव्हते. आणि हातमोजे ही चैन नव्हे. रुग्णाचा आजार कोणताही असो, मलमूत्र स्वच्छ करताना ते असलेच पाहिजेत.

राहिला आर्थिक मुद्दा. जिच्या हाती आपण दिलेल्या नऊशेपैकी सहाशेच पडतात, ती दुसऱ्या घरून सातशे मिळाले की एका रात्रीत निघून जाते. आपण तिला बेभरवशाची म्हणतो. आजींना मात्र दर महिन्याला नवा चेहरा, नवा स्पर्श आणि नव्याने संकोच सोसावा लागतो. वृद्ध रुग्णाला, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाला, ओळखीचा हात हेच मोठे औषध असते.

आपला वाटा

या साखळीतली पहिली कडी ब्यूरोत नसून आपल्या फोनमध्ये असते, हे मान्य करायला हवे. आपण फोनवर काय बोलतो, ते एकदा आठवून पाहा. ‘आजच हवी.’ ‘जरा तरुण पाठवा, पण फार तरुण नको.’ ‘आपल्यातली असेल तर बरे.’ ‘पटली नाही तर बदलून द्याल ना?’ एका ब्यूरोच्या संचालिका मला म्हणाल्या, ‘मॅडम, पार्टी आजाराबद्दल खरं सांगत नाही. पेशंट शंभर किलोचा आहे, रात्री आरडाओरडा करतो, हे सांगितलं तर बाई मिळणार नाही, म्हणून लपवतात. मग मी बाईला काय सांगू?’ त्यांची दुसरी तक्रारही खरी होती: महिनाभराने घरचे बाईंचा नंबर घेतात आणि ब्यूरोला वगळून परस्पर ठेवतात. त्यामुळे अनामत आणि कागद अडकवणे सुरू झाले, असे त्यांचे म्हणणे. मला ते समर्थन पटले नाही, पण कारण समजले. आपण लपवतो, ब्यूरो अडकवतो आणि या दोहोंच्या मध्ये एक गरजू बाई आणि एक असहाय रुग्ण सापडतात.

परदेशी राहणाऱ्या मुलांनी तर अधिकच सावध असावे. मुलगा अमेरिकेतून ब्यूरोला दरमहा ऑनलाइन पैसे पाठवतो, आई-वडील इथे दोघेच असतात, आणि बाईंना किती मिळतात हे दोन्हीकडे कोणालाच ठाऊक नसते.

कायदा काय सांगतो

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या करारात (क्रमांक १८१) तत्त्व स्पष्ट आहे: अशा संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे शुल्क घेऊ नये. घरकामगारांविषयीच्या २०११ च्या करारात (क्रमांक १८९) संस्थेचे शुल्क कामगाराच्या वेतनातून कापले जाऊ नये, असे म्हटले आहे. भारताने या दोन्ही करारांना मान्यता दिलेली नाही. तरीही न्याय्य वागणूक कशी असावी, याचे माप म्हणून ते उपयोगी आहेत. आपल्या देशात छत्तीसगडने २०१३ मध्ये अशा संस्थांसाठी कायदा केला आणि दिल्लीत २०१४ मध्ये त्यांच्या नियमनाचा आदेश निघाला.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. त्याखाली अठरा ते साठ वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारची ई-श्रम नोंदणी २०२१ पासून सुरू आहे आणि ती विनामूल्य आहे. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार घर हेही कामाचे ठिकाण मानले जाते आणि घरकाम करणारी स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. रुग्ण वयोवृद्ध आहे, आजारी आहे, म्हणून तिने सर्व काही सोसावे असे हा कायदा म्हणत नाही. स्मृतिभ्रंशात कधी कधी रुग्णाच्या वागण्यावरचे नियंत्रण सुटते; ते तिला आधी सांगणे, अशा वेळी घरातील पुरुषाने जवळ असणे आणि मला कळवणे, ही आपली जबाबदारी.

ब्यूरोला विचारावयाचे प्रश्न

ब्यूरो निवडताना आपण दर विचारतो. त्यासोबत पुढील प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. उत्तरे टाळली गेली, तर दुसरीकडे चौकशी करावी.

१. आम्ही देतो त्यातील किती रक्कम बाईंना मिळते आणि कोणत्या तारखेला? हे लेखी द्याल का?

२. बाईंकडून नोंदणी, ॲप्रन किंवा अनामत यांसाठी पैसे घेता का?

३. त्यांची मूळ कागदपत्रे त्यांच्याजवळच आहेत ना?

४. त्यांनी आजवर कोणत्या प्रकारच्या रुग्णांची सेवा केली आहे? त्यांना काय येत नाही?

५. परिचारिका पाठवत असाल, तर त्यांचा नोंदणी क्रमांक कोणता?

६. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदली कोण येईल?

७. तक्रार झाली तर बाईंचे म्हणणे कोण ऐकते? केलेल्या दिवसांचा पगार मिळतो ना?

या सातपैकी चौथ्या प्रश्नाचा दुसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘आमच्या बाईंना सगळं येतं’ असे उत्तर आले, तर समजावे, की त्यांना कोणी विचारलेलेच नाही.

आपल्याकडूनही एक कागद ब्यूरोला जावा. रुग्णाचे वय, अंदाजे वजन, आजार, कोणती बाजू अशक्त आहे, ऐकू-दिसू किती येते, चालता येते का, नळी किंवा कॅथेटर आहे का, रात्री किती वेळा जाग येते, घरात कोण कोण असते, बाईंच्या झोपण्याची आणि जेवणाची व्यवस्था काय, हे सारे एका पानात मावते. आजाराची खासगी माहिती देताना रुग्णाची संमती घ्यावी. तो बोलू शकत असेल तर त्याच्याच तोंडून कळू द्यावी. ओळख पटवण्यासाठी पोलीस ठाण्यात नोंद अवश्य करावी, पण ती आरोपीसारखे वागवून नव्हे. ही आमच्या घरची रीत आहे, असे सांगून करावी.

आणि पहिल्या दिवशी एक तास राखून ठेवावा. घरातल्या एकाने शेजारी उभे राहून उठवणे, भरवणे, कूस बदलणे करून दाखवावे आणि मग त्यांना करू द्यावे. पक्षाघाताचा हात ओढायचा नाही. पाठीमागून आणि कमरेला आधार द्यायचा. कॅथेटरची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवायची. जड रुग्णाला वर सरकवायचे असेल, तर अंगाखालच्या आडव्या चादरीला दोन बाजूंनी दोघांनी धरायचे. एकटीने ओढायचे नाही. यामुळे रुग्णाची कातडी वाचते आणि बाईंची कंबरही. शक्य असेल तर आपल्या डॉक्टरांना त्या दिवशी घरी बोलवा. आणखी एक गोष्ट: त्यांचे नाव विचारा. ‘मावशी’ म्हणण्यात माया आहे, पण नाव ठाऊक नसताना म्हटलेल्या ‘मावशी’त बदलून टाकण्याची सोयही असते.

हा अंक आपल्या हाती पडला असेल तर

पुष्कळ घरांत दुपारी रुग्ण झोपला, की मावशी हे पाक्षिक चाळताना मी पाहिल्या आहेत. म्हणून चार शब्द थेट त्यांच्यासाठी. ताई, मूळ आधार कार्ड कोणालाही देऊ नका, प्रत द्या. आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही अधिकृतरीत्या मिळते. काम लागण्यापूर्वी पैसे मागितले, तर पावती मागा. पावती नाही म्हटले, तर पैसे देऊ नका. पत्ता हाती आला, की निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: रुग्णाला काय झाले आहे, तो स्वतः उठतो का, आणि रात्री झोप मिळेल का. जे येत नाही ते ‘येत नाही, शिकवाल का?’ असे पहिल्याच दिवशी सांगा. परदेशातील काम सांगून कोणी पैसे मागितले, तर अधिक जपा. तिथे पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते आणि त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढी आहे. ‘पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू’ असे म्हणणाऱ्याच्या जवळपासही थांबू नका.

पुन्हा त्या घरी

सरांचा खांदा बरा व्हायला पाच महिने लागले. झोळी, शेक, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, सारे काही झाले. या काळात त्यांची वाचा बरीच परत आली. एकदा तपासायला गेले असताना ते अडखळत म्हणाले, ‘त्या पहिल्या बाई... पाणी देण्याआधी विचारायच्या. घेता का म्हणून. नंतरच्या कोणी... विचारलं नाही.’ मग थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘त्यांचं नाव काय होतं?’ मुलगा माझ्याकडे पाहू लागला. त्यालाही ठाऊक नव्हते.

मला दवाखान्यातल्या केसपेपरमुळे माहीत होते. मी नाव सांगितले. मुलाने दुसऱ्या दिवशी ब्यूरोत जाऊन त्यांचे थांबवलेले नऊशे रुपये आणि आधार कार्ड सोडवून घेतले. त्या तोवर एका ओळखीच्या आजींकडे लागल्या होत्या, त्यामुळे सरांकडे परत येऊ शकल्या नाहीत. पण कार्ड घ्यायला आल्या तेव्हा सरांना भेटून गेल्या. त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या, एवढे मी आवर्जून पाहिले.

खणातली ती कार्डे मी काढून टाकली. आता माझ्याकडे दोनच ब्यूरोंचे नंबर आहेत. वरील सात प्रश्न मी स्वतः विचारून घेतलेले आहेत आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारते. नंबरासोबत मी घरच्यांना रुग्णाच्या माहितीचा एक कोरा कागद देते. तो भरून आणल्याशिवाय मी नंबर देत नाही. काहींना हे जाचक वाटते. त्यांना मी म्हणते, ‘दहा मिनिटे बसा इथेच आणि भरा. येणाऱ्या बाईंना हे कळायलाच हवे.’